समाधीवरची खिडकी

“मग त्याला थंडी वाजत नाही, हे तुम्हांला कुणी सांगितलं?”

मठाचे रूपानाथबाबा गाईसाठी दावं वळत होते. वाखाचे दोन पदर मांडीवर घासायचे, पीळ द्यायचा, पुढं सरकवायचं. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठं म्हटलं, वाजत नाही?”

“इथं सगळे म्हणतात. येईल तो म्हणतो, गेलेल्याला ऊन नाही, थंडी नाही. खंडूनाथ तर रोज म्हणतो.”

“खंडूला विचार, मग रात्री तीन घोंगड्या कशाला घेतो.”

“मी अजून गेलेलो नाही, म्हणून घेतो,” चुलीपाशी बसलेला खंडूनाथ ओरडला.

बाबा हसले. मी हसलो नाही.

माझा थोरला भाऊ हिरामण या मठात राहायचा. सातपुड्यात जिथं एसटी शेवटच्या पाड्याला वळसा घालून परत फिरते, तिथून वर चालत यावं लागतं. दादा एकदा असाच चालत वर आला आणि परत खाली राहायला म्हणून गेलाच नाही. रूपानाथबाबांनी त्याच्या कानात दीक्षेच्या मुद्रा घातल्या नव्हत्या. त्यानंही कधी मागितल्या नाहीत. तो नुसता राहायचा आणि मठाची वाडी बघायचा.

मी सुरतेला कापडाचे गठ्ठे उचलत होतो. दादाचा ताप डोक्यात गेला, असा निरोप आला. मी निघालो. गाड्या बदलत वर येईपर्यंत सगळं झालं होतं.

नाथांच्या मठात गेलेल्याला आडवं करत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ, मातीत बसवतात. भोवती मीठ, वर माती. मुद्रा नव्हत्या तरी बाबांनी दादाला तसाच बसवला. मी आलो तेव्हा वाडीच्या वरच्या कडेला, आवळीच्या झाडापलीकडं, मातीचा बुटका ढीग होता. माणूस बसलेला, म्हणून ढीगही लहान. कणगीच्या बुडाएवढा.

चेहरा बघायला मिळाला नाही.

मग मी खाली गेलोच नाही. आणि तेव्हापासून जो तो मला म्हणत होता, रड. पाड्यावरच्या बाया ताक घेऊन यायच्या, माझ्या तोंडाकडं बघायच्या, म्हणायच्या, “रड रे भाऊ, मोकळा हो.” खंडूनाथ मला चुलीच्या अगदी तोंडाशी ओढायचा, गुळाचा चहा हातात द्यायचा, पाठीवर थापट्या मारायचा. “आतलं बाहेर काढ बारकू. आत ठेवलं की कुजतं.”

त्यांची माया खरी होती. पण मला रडू येत नव्हतं. मला राग येत होता. आणि डोक्यात तो थंडीचा एकच प्रश्न घोंघावत होता.

बाबांनी मला कधी रड म्हटलं नाही. कधी रडू नको असंही म्हटलं नाही.

खंडूनाथ चुलीपासून उठून अंगणात आला. वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं होतं. आवळीचं पान हलत नव्हतं.

“वारा पडला,” तो म्हणाला. “आज हिव येणार. पहाटे गवत पांढरं होणार बघ. बारकू, सूर्य टेकायच्या आत खिडकी लावून घे.”

वाडीत रोपांवर ठेवायची एक पेटी होती. मठात त्या पेटीला खिडकीच म्हणतात. जंगलातला डाकबंगला पडला, तेव्हा त्याची एक खिडकी दादानं डोक्यावरून इथवर आणली होती. मग चार सागवानी फळ्यांची बिनबुडाची चौकट केली. मागची फळी उंच, पुढची बुटकी. त्यावर ती खिडकी आडवी टाकली, काचा आभाळाकडं. चौकटीच्या आत वाफा, वाफ्यात रोपं. दिवसा खिडकी उघडायची, सांजेला लावायची. इथल्या थंडीत मिरचीचं कोवळं रोप उघड्यावर जगत नाही, खिडकीखाली जगतं. थंडी ओसरली की पाड्यावरचे लोक येतात आणि ओल्या फडक्यात बांधून रोपं घेऊन जातात.

“सगळं जग खिडकीतून बाहेर बघतं,” खंडूनाथ सांगायचा. “तुझा दादा एकटाच, खिडकीतून आत बघायचा. वाकून वाकून पाठ धरली की तेल घेऊन माझ्याकडं. जसा काही मी त्याचा न्हावी.”

आत्ता खिडकीखाली होती ती मिरची दादानंच टाकलेली. अंगात ताप असताना त्यानं बी टाकलं. मग उठवेना. पडल्या पडल्या खंडूनाथला विचारायचा, वर आलं का रे? रोज तेच. ज्या सकाळी त्याला मातीत बसवला, त्या सकाळी कोंब वर आले होते.

आता रोपं करंगळीएवढी झाली होती. दादाच्या हातचं या जगात तेवढंच उरलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, “बाबा, आज खिडकी मला द्या.”

“कशाला?”

“दादावर ठेवायचीय.”

चुलीत एक ओलं लाकूड फुसफुसत होतं.

“येडा का खुळा?” खंडूनाथ म्हणाला. “मातीत बसलेल्या माणसाला खिडकी?”

“मग तुमच्या घोंगड्या द्या.”

“अरे, माझ्या घोंगड्यांवर का डोळा तुझा!”

“देणार नसाल तर गप बसा.”

“बाबा, याला काहीतरी सांगा. एका रात्रीत रोपं काळी पडतील. हिरानं तापात…” त्यानं घसा खाकरला. “पाड्यावर काय सांगायचं? खिडकी मेलेल्याला दिली आणि मिरची जितेपणी मारली?”

बाबांनी दाव्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. माझ्याकडं बघितलं.

“विचार करून बोलतोस?”

“नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले. दावं बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल. एकट्याला उचलायची नाही ती.”

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर मी भांडलो असतो. काय काय बोलायचं ते सगळं तोंडात तयार होतं. ते तोंडातच राहिलं.

एका बाजूनं मी धरली, एका बाजूनं बाबांनी. चौकटीसकट उचलली तेव्हा रोपं एकदम उघडी पडली. हिरवी, बारीक, गर्दी करून उभी. शाळेत मास्तर अचानक वर्गात आल्यावर पोरं उभी राहतात तशी. मी त्यांच्याकडं नीट बघितलं नाही.

“बाबा, रोपांचं काय?” खंडूनाथ मागून.

“रोपं आहेत.”

“आहेत, पण उद्या?”

बाबा चालत राहिले. चढ होता. काच जड होती. काचेत आभाळ हलत होतं, आणि आम्ही दोघं जणू एक तळं उचलून वर नेत होतो.

ढिगावर चौकट ठेवली. बरोबर बसली. जणू दादानं माप घेऊनच केली होती.

मला तेवढ्यानंच बरं वाटलं. मी मागं सरकलो.

“झालं?” बाबा म्हणाले.

“झालं.”

“काय झालं? बुटकी बाजू डोंगराकडं केलीस. ती दक्षिणेला हवी. फिरव.”

आम्ही फिरवली.

“आता खालच्या फटी बुजव. गारवा वरून येत नाही, खालून शिरतो.”

ते खाली बसले आणि हातानं माती ओढून फळीच्या कडेनं दाबू लागले. मीही दाबू लागलो. त्यांचे हात म्हातारे होते, पण एक फट सोडत नव्हते. मला वाटलं होतं ते माझी समजूत काढायला वर आलेत. पण ते खरोखरच काम करत होते. दादा थंडीनं कुडकुडतोय आणि त्याला पांघरूण घालायचंय, असं.

“किती ऊब होईल आत?” मी विचारलं.

“खिडकी म्हणजे शेगडी नाही.”

“मग ऊब येणार कुठून?”

“दिवसभरात मातीला जेवढी मिळाली असेल तेवढीच. काच ती जाऊ देत नाही, एवढंच.”

“आणि मिळालीच नसेल तर?”

बाबांनी मातीवर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

“दुपारभर ऊन होतं,” ते म्हणाले.

मग उठले. हाताची माती झटकली नाही, धोतराला पुसली.

“एक ऐक बारकू. खिडकी कुणावरही ठेव, तिचं काम तेच. ऊन यायच्या आधी उघडायची. उन्हात लावलेली राहिली की आतलं शिजतं. हिरा कधी चुकला नाही. आता तुझं काम.”

“उघडीन.”

“बघ हं.”

“म्हटलं ना, उघडीन.”

ते खाली गेले. खाली खंडूनाथ रोपांवर पेंढा पसरत होता आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं गाईशी बोलत होता. “तुझा पेंढा गं बाई, तुझा पेंढा मिरचीला. मिरचीची खिडकी हिराला. मठात शहाणं कोण उरलं? तू आणि मी. त्यातही तूच जास्त.”

मी तिथंच थांबलो. सूर्य टेकला. दरीतून धुकं वर यायला लागलं, पण आमच्यापर्यंत आलं नाही. खालीच पसरून राहिलं. पाडा बुडाला, रस्ता बुडाला, एसटी फिरते तो वड बुडाला. फक्त आमचा डोंगर वर राहिला, बेटासारखा. आणि त्या बेटावर दादा आणि मी.

मी कांबळं ओढून खिडकीशेजारी आडवा झालो. काचेत अजून थोडा उजेड होता. बघता बघता ती काच राहिली नाही, पाणी झालं. मला दिसलं, दादा पाण्याच्या बुडाशी मांडी घालून बसलाय. केस पाण्यात हलतायत. तो वर बघतोय. वरून एकेक चांदणी पाण्यात उतरतेय, हळू, दिवाळीतले दिवे नदीत सोडावेत तशी, आणि त्याच्या मांडीवर जाऊन बसतेय.

मी म्हटलं, दादा, गार आहे का रे खाली?

तो काहीतरी म्हणाला. पाण्यात ऐकू आलं नाही…

जाग आली तेव्हा उजाडत होतं.

सगळं पांढरं होतं. गवत पांढरं, दगड पांढरे, आवळीच्या फांद्या पांढऱ्या. माझ्या कांबळ्यावरही पीठ भुरभुरल्यासारखं. कुठंच आवाज नव्हता. मी श्वास सोडला की तो माझ्यासमोर उभा राहायचा आणि मग विरायचा.

खिडकीही पांढरी झाली होती. मी नखानं काच खरवडली. वरचं हिव निघालं, पण आतलं दिसेना. काच अजून धुरकट होती. मी घासली. बाहीनं पुसली. धुरकटच. मग लक्षात आलं.

धूसर होतं ते आतून होतं.

आतून काचेवर वाफ धरली होती. तिचे थेंब होत होते. एक थेंब बघता बघता भरला, जड झाला, आणि काचेवरून खाली घसरत गेला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला माहीत नाही. खाली धावत सुटलो, दोनदा घसरलो.

“बाबा! श्वास घेतोय! दादा श्वास घेतोय!”

खंडूनाथ घोंगडी गुंडाळून बाहेर आला. बाबा आधीच उठलेले होते. त्यांनी खडावा घातल्या आणि काही न विचारता माझ्यामागून वर आले.

“अरे लेका, मातीचा ओलावा तो,” खंडूनाथ धापा टाकत होता. “रोज धरतो. मिरचीवर असतानाही धरायचा. मिरची काय श्वास…”

बाबांनी हात वर केला.

बाबा खिडकीपाशी उकिडवे बसले. खूप वेळ बघत राहिले. मग पुढं वाकले, तोंड काचेजवळ नेलं आणि हाऽ करून श्वास सोडला. काचेवर बाहेरून एक गोल धुरकट डाग उठला. भाकरीएवढा.

“हा माझा,” बाबा म्हणाले. “आतला कुणाचा?”

“दादाचा.”

“माझा पूस.”

मी हातानं पुसला. गेला.

“आता त्याचा पूस.”

“तो आतून आहे. कसा पुसू?”

बाबा पूर्वेच्या डोंगरधारेकडं बघत होते. धारेची कड तांबूस झाली होती.

मलाही ती दिसली. सांजेला काय कबूल केलं होतं, ते मला आठवलं.

“उघडली तर जाईल,” मी म्हणालो.

“हं.”

“आणि नाही उघडली तर?”

“ऊन येतंय.”

“एक दिवस राहू द्या ना बाबा. एकच दिवस. मी वर गोणपाट टाकतो, ऊन लागू देत नाही. मी इथंच बसतो. काही खात नाही, काही मागत नाही. मला त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही…”

बाबांनी माझ्याकडं बघितलं. नुसते चौकटीच्या एका बाजूला जाऊन बसले आणि खिडकीच्या कडेला हात लावून थांबले. दुसरी बाजू माझ्यासाठी मोकळी होती.

कड तांबडीची पिवळी झाली.

मी गुडघे टेकले. खिडकीखाली बोटं घातली. काच हाताला चिकटत होती, इतकी गार.

उचलली.

आतून ऊब आली आणि माझ्या तोंडाला लागली.

ओल्या मातीचा वास, थोडा मिठाचा. गालांना लागली, पापण्यांना लागली, ओठांना लागली. मी डोळे मिटून घेतले… आणि मिटेपर्यंत ती गेली. पुन्हा डोंगराची थंडी.

“गेलं,” मी म्हणालो.

“लागलं ना तोंडाला?”

“लागलं.”

बाबांनी खिडकी बाजूला ठेवली.

खंडूनाथ माझ्यामागं उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आवळला. “आता तरी रड रे पोरा. मी सांगतो, रड…”

माझे डोळे कोरडेच होते. आत सगळं दगड झालं होतं. खांद्यावरचा त्याचा हात मला विस्तवासारखा लागत होता. मी झटकला.

“खंडू!” बाबा एकदम उठले. “ऊन!”

आणि पळाले. बाबांना पळताना मी कधी बघितलं नव्हतं. खडावा तिथंच राहिल्या. पांढऱ्या गवतात त्यांच्या अनवाणी पावलांची हिरवी रांग उमटत गेली, थेट खालच्या वाफ्यापर्यंत.

आम्ही मागून पोचलो. खंडूनाथनं टाकलेला पेंढा पांढरा झाला होता. त्या पेंढ्याच्या अर्ध्या भागावर एक घोंगडी पसरलेली होती.

मी खंडूनाथकडं बघितलं.

“वाऱ्यानं उडून पडली असेल,” तो म्हणाला.

“वारा पडला होता ना?”

“मग गाईनं टाकली असेल. तुला काय करायचंय!”

बाबांनी घोंगडी आणि पेंढा अलगद उचलला. घोंगडीखालची रोपं मलूल होती, पण हिरवी होती. उरलेल्या अर्ध्या वाफ्यात हिव शिरलं होतं. पानं ताठ, काचेसारखी चमकणारी, आतून काळपट. हात लावला असता तर मोडली असती. अशी, दादानं तापात टाकलेली मिरची.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. पाय जागेवर राहिले नाहीत. चुलीवर खंडूनाथचं पाणी ठेवलेलं होतं. मी धावत जाऊन हंडाच उचलला, फडक्यानं धरला, वाफ निघत होती, बोटं पोळत होती, आणि धावत वाफ्याकडं आलो.

“थांब!” बाबा असे ओरडले की मी जागीच थिजलो. “कुणाला मारायला आणलंस?”

“गारठलीत ती! ऊब द्यायला नको?”

“ते ठेव. रांजणातलं आण.”

“रांजण रात्रभर अंगणात होता. बोटं आखडतील इतकं गार असेल ते.”

“तेच आण.”

“गारठलेल्याला गार पाणी?”

“गारठलेल्यालाच.”

मी गेलो. रांजणात तांब्या बुडवला, हात मनगटापर्यंत बधिर झाला. परत आलो तेव्हा बाबांनी अंगावरची छाटी सोडली होती. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं खंडूनाथच्या. दोघे वाफ्याच्या पूर्वेला उभे, मध्ये ती भगवी छाटी ताणून धरलेली. बाबांच्या उघड्या पाठीवर काटा आला होता.

“हात उंच धर, खंडू. झोपलास का?”

“गोठलोय. घोंगडी तुमच्या मिरचीला दिली.”

“गाईनं दिली म्हणालास.”

“धरतोय, धरतोय.”

त्याच वेळी धारेवरून ऊन आलं. आवळीच्या शेंड्याला लागलं, खाली उतरलं, गवतावर आलं. जिथं आलं तिथं पांढरं गवत चमकलं आणि पाणी झालं. सगळा डोंगर टपटपायला लागला. ऊन छाटीपर्यंत आलं आणि थांबलं. वाफ्यावर भगवी सावली पडली.

“शिंपड,” बाबा म्हणाले. “धार धरू नकोस. बोटांनी. हळू.”

मी गुडघ्यावर बसलो. ओंजळीत पाणी घ्यायचं, बोटांनी झटकायचं. एकेका रोपावर. पानांवरचं हिव त्या गार पाण्यात अलगद सुटत होतं. पान वाकत होतं, मऊ होत होतं. काही काळी राहत होती. काहींचा देठ हिरवा दिसत होता, काहींचा दिसत नव्हता. मी बघत होतो आणि शिंपडत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं.

“ऊन इतकं वाईट असतं?” मी विचारलं. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा.

“ऊन चांगलंच,” बाबा म्हणाले. “आत्ता नको.”

“मग कधी?”

“आतलं हिव सुटू दे आधी.”

खंडूनाथ कुडकुडत होता, तरी त्यानं टोक सोडलं नाही. खालच्या धुक्यातून पाड्यावरचा एक कोंबडा आरवला. जसा काही पाण्याखालून.

तांब्या रिकामा झाला. मी पुन्हा भरून आणला. पुन्हा रिकामा झाला. बोटं कुठं संपतात आणि पाणी कुठं सुरू होतं ते मला कळेनासं झालं होतं.

छाटीची सावली वाफ्यापुरतीच होती. मी तिच्या बाहेर होतो. ऊन माझ्या पाठीवर पडलं, मानेवर चढलं, कानाला लागलं. गळ्यात काहीतरी तट्‌ करून तुटेल असं झालं. मी दात आवळले.

“जगतील का, बाबा?”

बाबांनी रोपांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले…

मग त्यांनी आपल्या हातातलं टोक उचललं, हात लांब केला, आणि छाटी तिरपी झाली. सावली रोपांवरून सरकत माझ्या डोक्यावर आली, खांद्यांवर आली, पाठीवर आली.

“आत सरक,” ते म्हणाले. “ऊन येतंय.”